त्या कोरियन शिल्पाला दुरुस्ती म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर एक फोटो छापून आला होता. पांढऱ्या-निळ्या चिनीमातीच्या तुकड्यांचं एक शिल्प, सगळीकडून फुगवटे आलेलं, कुठे सुरू होतं कुठे संपतं कळत नाही असं, आणि प्रत्येक सांध्यात सोनं चमकतंय. फोटो कापून ठेवलाय मी. पण त्याच्या खाली जे छापलंय, की ही तुटलेली भांडी सोन्याने सांधायची जपानी कला आहे आणि माणसानेही तुटल्यावर असंच स्वतःला सांधावं, ते वाचून राहवलं नाही. ते जपानी नाहीये, कोरियन आहे. आणि ती दुरुस्ती तर अजिबात नाहीये. एवढंच असतं तर फोन करून सांगितलं असतं, पण हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितेय, जागा असेल तर छापा.

मी कुंभाराच्या घरातली. माहेर जुन्या नाशकात, आता राहायला इंदिरानगरला, शाळेत चित्रकला शिकवते. चाकावरची माती, मडकी भाजायचा आवा, राख, हे सगळं लहानपणापासून बघितलेलं आणि केलेलं. त्यामुळे तुटलेलं मडकं म्हणजे काय हे मला माहितीये आणि म्हणूनच त्या शिल्पाकडे नुसतं सुविचार म्हणून बघता येत नाही.

आधी जपानी पद्धतीचं सांगते म्हणजे फरक कळेल. तिला किंत्सुगी म्हणतात. चहाचा वाडगा फुटला की झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेने तुकडे परत जागच्या जागी बसवायचे, वर सोन्याची पूड लावायची. वाडगा पुन्हा वाडगाच होतो. आकार तोच, मालक तोच, तडा तेवढा लपवायचा नाही, मिरवायचा. सुंदरच पद्धत आहे, वादच नाही. पण तुम्ही छापलेला फोटो ज्या कामाचा आहे त्यात कुठलंच भांडं परत भांडं होत नाही, एका भांड्याचा गळा दुसऱ्याच्या पोटावर बसतो, तिसऱ्याचं बूड हवेत बाहेर येतं, त्यात पाणी भरता येणार नाही, फूल ठेवता येणार नाही, आणि तुकडे मुळात एकाच भांड्याचे नसतातच. मग दुरुस्ती कसली?

हे काम यी सूक्यंग या कलाकार बाईंचं आहे. जन्म 1963चा, सोलचा, शिक्षण सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत आणि तेही चित्रकलेचं, म्हणजे त्या कुंभारकाम शिकलेल्या नाहीत, हे लक्षात ठेवा कारण पुढे मला त्यावरच बोलायचंय. 2001 साली इटलीत आल्बिसोला नावाच्या गावात, तेही मातीकामाचं जुनं गाव आहे, त्यांनी एक प्रयोग केला. एका कोरियन कवितेत जुन्या पांढऱ्या पोर्सिलेनचं, म्हणजे चिनीमातीच्या भांड्यांचं, वर्णन होतं ते तिथल्या एका इटालियन कुंभार बाईंना भाषांतर करून दिलं आणि सांगितलं की यावरून भांडी करा. त्या बाईंनी नुसत्या शब्दांवरून भांडी घडवली. तिथून पुढे ट्रान्सलेटेड व्हाज, म्हणजे भाषांतरित फुलदाणी, या नावाची मालिका सुरू झाली जी वीस वर्षांहून जास्त चाललीये. नंतर यी बाई कोरियात इचॉनकडे वळल्या आणि खरी गंमत तिथे आहे.

इचॉन हे सोलच्या दक्षिण-पूर्वेला असलेलं कुंभारांचं शहर. 2010 साली युनेस्कोने हस्तकलेसाठी त्याला क्रिएटिव्ह सिटीच्या यादीत घेतलं. तिथले उस्ताद कुंभार जुन्या राजवटींच्या काळातली भांडी, गोर्यो काळातलं हिरवट सेलाडॉन, जोसन काळातलं पांढरं पोर्सिलेन, त्याच पद्धतीने आजही करतात. आणि भट्टी उघडली की एकेक भांडं हातात घेऊन बघतात आणि रंग मनासारखा उतरला नाही, राखेचा एक ठिपका बसला, ग्लेजमध्ये, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरात, सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं, जरासा कल आला, की ते भांडं तिथल्या तिथे फोडून टाकतात. बाजारात स्वस्तात विकत नाहीत, कुणाला देत नाहीत. आपल्या हातातून निघालं म्हणून जे लोकांसमोर जाईल ते पूर्णच पाहिजे हा त्यांचा हट्ट.

यी बाईंनी हे फुटलेले तुकडेच मागून घेतले. स्टुडिओत आणून त्या एक तुकडा घेतात, त्याच्या कडेला कुठला तुकडा बसतो ते शोधत बसतात, मग त्याला पुढचा. इपॉक्सीने चिकटवतात आणि सांध्यावर 24 कॅरेट सोन्याचा वर्ख. आधी काढलेलं ड्रॉइंग असं नाही, तुकड्यांच्या कडा जिकडे नेतील तिकडे शिल्प वाढत जातं. म्हणून ते फुगवटे. भांड्याचा तुकडा मुळात वळलेलाच असतो ना, त्याला सपाट कसं करणार, तो वळणच घेणार, आणि असे शेकडो बाक एकमेकांना लागले की जो आकार होतो तो कुणी ठरवून केलेला नसतो आणि तरी चुकूनही झालेला नसतो. मला विचाराल तर सोन्यापेक्षा हे जास्त मोठं आहे. सगळे सोन्याकडे बघतात, फोटोत तेच चमकतं, पण खरी शिल्पकला त्या बाकांच्या जोडणीत आहे.

2017च्या व्हेनिस बिनालेत, म्हणजे इटलीतल्या त्या मोठ्या कलाप्रदर्शनात, त्यांचं नऊ ड्रॅगनवालं शिल्प होतं, जवळजवळ 5 मीटर उंच. म्हणजे आपल्या दीड मजल्याएवढं, आणि सगळं फुटक्या भांड्यांचं. मी फक्त फोटो आणि व्हिडिओतच बघितलंय पण त्यातही एका फुलदाणीवरचा अर्धा ड्रॅगन दुसरीवरच्या भलत्याच शेपटीला जाऊन मिळतो ते दिसतं, आणि नजर परत परत तिथेच जाते.

आता आमच्या घरातलं सांगते. मडकं भाजून निघालं की आई त्यावर बोटाने टिचकी मारायची. चांगलं असेल तर खणखणीत वाजतं, तडा असेल तर बद्द आवाज येतो, डोळ्याला काही दिसत नसलं तरी कानाला कळतं. गोरोबाकाकांनी थापटणं, म्हणजे मडकं ठोकायची लाकडी फळी, घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं ती गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहितीये, पण कुंभाराच्या घरात ती गोष्ट म्हणून नाही तर रोजचं काम म्हणून कळते. तर बद्द वाजलेलं मडकं आमच्याकडे फोडत नव्हते. तडा वर असेल तर त्यात धान्य ठेव, खाली असेल तर झाड लाव, आणि अगदीच दोन तुकडे झाले तर ते आव्यासाठी बाजूला. कारण आवा रचला की सगळ्यात वर जुन्या खापऱ्याच पसरतात, त्यावर माती-राख, म्हणजे आतली धग आत राहते. नवीन मडकी जुन्या फुटक्यांच्या पांघरुणाखालीच भाजतात. इचॉनचा उस्ताद फोडतो आणि आमची आई ठेवते. यात कुणाचं बरोबर असं मला म्हणायचं नाहीये. तो राजदरबाराच्या परंपरेतला, आम्ही आठवडे बाजारातले. पण दोन्हीकडे तुकडा हा तुकडा म्हणून ओळखीचा आहे, त्याला वजन आहे, आणि त्याच्याकडे बघून माणसाने धीर धरावा वगैरे असलं काही कुंभाराच्या डोक्यात येत नाही.

कोरियन मातीकामाबद्दल अजून दोन-तीन गोष्टी सांगायच्यात कारण आपल्याकडे पोरं कोरियन सिरियल आणि गाणी यांच्यात इतकी बुडालीत आणि आईबापांना वाटतं हे सगळं वरवरचं फॅड आहे. माझ्याच वर्गातल्या मुलींनी मला दाखवलं की बीटीएस या कोरियन गाण्यांच्या ग्रुपमधला तो आरएम एका मोठ्या पांढऱ्या हंड्याला मिठी मारून बसलाय. तो हंडा क्वॉन दे-सप या आजच्या कुंभाराने केलेला मून जार आहे. मुलींना फक्त आरएम माहीत होता, हंड्याचं मी सांगितलं आणि मग तासभर वर्ग हंड्यावरच चालला.

मून जार म्हणजे जोसन काळातला, साधारण 17व्या शतकाच्या शेवटापासून 18व्या शतकापर्यंतचा पांढरा, नक्षी नसलेला गोल हंडा. उंची 40 सेंटिमीटरच्या वर. एवढा मोठा गोल त्या पांढऱ्या मातीत चाकावर एका दमात काढला तर तो बसतो, खाली येतो, म्हणून दोन मोठे वाडगे वेगवेगळे काढायचे आणि काठाला काठ लावून जोडायचे. मग भट्टीत 1250-1300 अंशांवर तो जोड जरा सरकतो, पोट एका बाजूला झुकतं, आणि म्हणून एकही मून जार नीट गोल नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये जो आहे तो बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराने 1935 साली सोलमधून विकत घेतलेला, नंतर तो ल्यूसी री या कुंभार बाईंकडे होता. 2023 साली न्यूयॉर्कच्या लिलावात असा एक जुना हंडा 45 लाख डॉलरच्या वर गेला. म्हणजे बघा, एकीकडे कल आला म्हणून भांडं फोडतात आणि दुसरीकडे कल आहे म्हणूनच जपतात, एकाच देशात, आणि यी बाईंचं काम नेमकं या दोघांच्या मधे उभं आहे असं मला वाटतं.

काठाला काठ लावण्याची गोष्ट आपल्याकडेही आहे आणि ती फार हळवी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं तेव्हा सुमारे 3000 वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत मूल. लेकरू घराबाहेर नेलं नाही, जमिनीखाली दोन मडक्यांच्या पोटात ठेवलं. त्याचा आणि कोरियाचा काही संबंध नाही हे मला कळतं. पण मातीचे दोन अर्धे जोडले की आत एक जागा तयार होते हे कुंभाराला कुठेही, कधीही कळतं.

आणि ओंगी. किमची, सोयाबीनची पेस्ट वगैरे मुरत घालायचे त्यांचे मोठे तपकिरी रांजण. ते करताना मातीच्या वळकट्या एकावर एक चढवतात आणि मग आतून एका हाताने आधार देऊन बाहेरून लाकडी फळीने ठोकत ठोकत भिंत वर नेतात. अहो हे तर आमचंच थापटणं! आतून गोळा, बाहेरून थापटणं. ली कांग-ह्यो नावाचे कुंभार आहेत, ते याच पद्धतीने प्रचंड रांजण करतात आणि त्यावर पातळ पांढरी माती हाताने फेकून अंगाअंगाने चित्र काढतात, तेव्हा तो रांजण रांजणही राहतो आणि शिल्पही होतो. माझ्या आजोबांच्या हातात हेच कसब होतं. त्यांना शिल्पकार कुणी म्हटलं नाही, आणि त्यांनाही तसं कधी वाटलं नसणार.

सेलाडॉनच्या त्या हिरवट-निळ्या रंगाचंही तसंच. लोकांना वाटतं काहीतरी महागडा रंग घालत असतील. ग्लेजमध्ये असतं ते थोडंसं लोह, आणि भट्टीत हवा कमी सोडली की ते लोह हिरवट-निळं दिसतं. आपल्याकडे काळी मडकी करतात तेही हवा कोंडूनच, धूर आत अडकवून. तीच माती हवा मोकळी मिळाली की लाल निघते. तापमान आणि माती वेगळी, आमचा आवा फार तर 700-800 अंशांपर्यंत जातो, पण हवेशी खेळायची अक्कल एकच.

आता नाशिकवर येते. गोदाकाठची मातीची गढी आपण सगळे येता-जाता बघतो. 1950-51 साली तिथे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं होतं, त्याच सुमारास संगमनेरजवळच्या जोर्व्यालाही. जोर्व्याला सापडलेली जी लाल भांडी, काळ्या रंगाने नक्षी काढलेली, पातळ आणि खणखणीत वाजणारी, त्यांना आज सगळं जग जोर्वे भांडी म्हणून ओळखतं, आणि ही ओळख जवळजवळ सगळी खापऱ्यांवरून झालेली आहे, आख्खी भांडी फार थोडी. माती एकदा 500-600 अंशांच्या वर तापली की तिच्यातलं बांधलेलं पाणी निघून जातं, मग ती पुन्हा चिखल होत नाही, म्हणून लाकूड गेलं, कापड गेलं, खापरी राहिली. पांडवलेणीत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक शिलालेख आहे, विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने त्रिरश्मी डोंगरावरच्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी इथल्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, पैसे ठेव म्हणून ठेवले. त्या श्रेणींमधली एक कुलरिकांची, म्हणजे बहुधा कुंभारांची, असं अभ्यासक मानतात. म्हणजे तिसऱ्या शतकात या गावातल्या कुंभारांकडे लोक विश्वासाने ठेवी ठेवत होते. हे मी मुलांना सांगते तेव्हा त्यांचे डोळे मोठे होतात, आणि तुमच्या पुरवणीत हे एकदा तरी यावं असं मला मनापासून वाटतं.

पण एक गोष्ट मला त्या कोरियन शिल्पाबद्दलही खटकते आणि ती लिहिली नाही तर हे पत्र खोटं होईल. यी बाईंचं नाव व्हेनिसला गेलं, ते जायलाच पाहिजे, नजर त्यांची आहे, वर्षानुवर्षं तुकड्याला तुकडा लावून बघायची चिकाटी त्यांची आहे. पण ते तुकडे ज्यांनी मळले, वळले, रंगवले, भाजले आणि मग फोडले त्या उस्तादांपैकी एकाचंही नाव शिल्पाचा फोटो छापताना कुणी देत नाही. ड्रॅगन ज्याच्या ब्रशमधून उतरला तो कोण? मी कुंभाराची मुलगी नसते तर हा प्रश्न मला पडला नसता बहुतेक. कलाकार कुंभारकाम शिकलेल्या नाहीत म्हणून मी वर लिहिलं ते त्यांना कमी लेखायला नाही, तर एवढंच दाखवायला की या शिल्पात दोन प्रकारचे हात आहेत आणि आपल्याला एकच दिसतो. मला ते शिल्प आवडतं, फार आवडतं, आणि तरीही हा प्रश्न जात नाही. दोन्ही एकदम खरं आहे.

तर संपादक साहेब, दोन विनंत्या. एक, पुढच्या रविवारी चूक दुरुस्त करताना कलाकाराचं नाव, देश आणि शिल्पाचं नाव नीट छापा, आणि असले फोटो मन:शांतीच्या कॉलममध्ये नको, कलेच्या पानावर द्या, जिथे ते कशाचं केलंय, कसं केलंय, कुणी केलंय हे लिहायला जागा असते.

दुसरी जरा मोठी आहे. 2027च्या सिंहस्थासाठी शहरात कामं चालू आहेत, त्यात कुठे ना कुठे सुशोभीकरण म्हणून काहीतरी उभं राहणारच. त्यातली एक तरी गोष्ट भाजलेल्या मातीची असावी म्हणून तुमच्या पेपरने आवाज उठवावा. कोरियासारखं सोनं लावून नको, नक्कल करायची काही गरज नाही. आमच्याकडे आव्यावरच्या खापऱ्या आहेत, पुरणाचे मांडे भाजायची खापरं आहेत, रांजण आहेत, संक्रांतीची सुगडं आहेत, नवरात्रातले घट आहेत, एवढ्या आकारांतून नाशिकची शिल्पकार पोरं काय काय करू शकतील. त्यांना आणि कुंभारांना एकत्र बसवा, कुंभारांना मजूर म्हणून नाही तर बरोबरीने, ठरलेल्या मानधनाने. पावसात टिकेल का असं कुणी विचारेल, तर 700 अंशांची माती उघड्यावर पाणी पिते हे खरं आहे, त्यासाठी जास्त तापमानाची भट्टी लागेल, गॅसची किंवा विजेची, आणि ती एकदा शहरात आली की शिल्प झाल्यावरही राहील, कुंभारांच्या मुलांना त्यावर शिकता येईल. आज आमच्याकडच्या पुढच्या पिढीतलं कुणी चाकावर बसायला तयार नाही याचं एक कारण हेच आहे की त्यांना पणतीच्या पुढे काही दिसत नाही.

आणि जे काही उभं राहील त्याच्या पाटीवर उद्घाटकाच्या नावाआधी मळणाऱ्याचं, वळणाऱ्याचं आणि भाजणाऱ्याचं नाव असावं. नावं गोळा करायला कुणी नसेल तर मी करीन, बहुतेकजण माझ्या माहेरच्या ओळखीतलेच असतील.

आपली,
एक वाचक, चित्रकला शिक्षिका
इंदिरानगर, नाशिक